बंद पडलेल्या सर्व्हरशी संवाद

कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) अद्ययावत केल्यानंतर आज सर्व्हर परत सुरूच झाला नाही, तेव्हा मी त्याच्या आयपीएमआय कन्सोलकडे, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळण्याच्या सोयीकडे, वळलो. मदरबोर्डवरील बीएमसी या नियंत्रकाला स्वतःचा प्रोसेसर असतो आणि तो स्टँडबाय विजेवर चालतो, त्यामुळे मुख्य यंत्रणा कोलमडली तरी त्याच्याशी नेटवर्कवरून (यूडीपी पोर्ट ६२३ वर) संपर्क साधता येतो. मधल्या एका यंत्रावर एसएसएचने (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने) जाऊन तिथून जोडणी केली; ती लगेच झाली. पडद्यावर मात्र निरर्थक चिन्हेच उमटत होती, कारण बीएमसीचा माहिती पाठवण्याचा वेग ११५२०० बॉड (वेगाचे एकक) होता आणि बूटलोडरचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, ९६००. तो जुळवून, सर्व्हर पुन्हा सुरू करून जुने कर्नल निवडले. कन्सोलमधून बाहेर पडण्यासाठी टिल्डा (~) आणि टिंब दिले, तर एसएसएचचीही बाहेर पडण्याची खूण तीच असल्यामुळे मधल्या यंत्राशी असलेले माझे एसएसएच सत्रच तुटले. अशा वेळी टिल्डा दोनदा द्यायचा असतो, हे मला (अर्थातच) ठाऊक होते.