क्वीन्समध्ये घर शोधताना: जॅक्सन हाइट्सचा अनुभव आणि पुढे येणाऱ्यांसाठी माहिती

न्यूयॉर्कला जायचं ठरलं की मराठी घरांत पहिली नावं निघतात ती एडिसन आणि जर्सी सिटीची. तिथे आपली माणसं आहेत, गणपती आहे, दिवाळीचा फराळ आहे. आम्ही मात्र न्यू जर्सीत न जाता क्वीन्समध्ये घर शोधलं, त्याचं कारण माझी आई. ती दर वर्षी काही महिने आमच्याकडे राहणार होती आणि तिला गाडीवाचून, कुणाची वाट न बघता, एकटीला घराबाहेर पडता आलं पाहिजे ही माझी पहिली अट होती. आईवडील येऊन राहणार असतील तर हीच अट पहिली ठेवा, असं मी आजही कुणालाही सांगते. नोकरीची माणसं दिवसभर बाहेर असतात, खरा दिवस काढायचा असतो तो घरातल्या मोठ्यांना.

क्वीन्स हा न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी, म्हणजे प्रशासकीय विभागांपैकी, एक. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. ॲस्टोरियात ग्रीक आणि इजिप्शियन, वुडसाइडला फिलिपिनो, फ्लशिंगला चिनी आणि कोरियन, रिचमंड हिलला गयानाहून आलेली भारतीय वंशाची मंडळी आणि पंजाबी. जॅक्सन हाइट्समध्ये तर दर दोन-चार चौकांवर मुलूख बदलतो. ७३व्या रस्त्यावर बंगाली पाट्या, ७४व्यावर साड्या, सोनं आणि आपला किराणा, डायव्हर्सिटी प्लाझाच्या आसपास तिबेटी-नेपाळी मोमो, आणि ८२व्याकडे गेलात की कोलंबियन बेकऱ्या.

आल्या आल्या कुठे उतरायचं हा प्रश्न आधी सोडवा. सप्टेंबर २०२३ पासून न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने अख्खं घर भाड्याने देण्यावर कडक निर्बंध आहेत. म्हणून एक तर हॉटेल, नाही तर महिनाभरासाठी कुणाची खोली. आम्ही महिन्याची खोली घेतली ती मुद्दाम क्वीन्समध्येच, म्हणजे संध्याकाळी पायी फिरून गल्ल्या बघता आल्या. हे फिरणं टाळू नका. इंटरनेटवरच्या फोटोत रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरून जाणाऱ्या ७ नंबरच्या ट्रेनचा खडखडाट ऐकू येत नाही. ही लाइन लोखंडी खांबांवरून, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून जाते आणि रात्रभर चालू असते. दोन चौक आत गेलात की तोच भाग शांत होतो.

पत्ता वाचायला आधी शिका, नाहीतर चुकीच्या गल्लीत बराच वेळ जातो. क्वीन्समध्ये स्ट्रीट उत्तर-दक्षिण आणि ॲव्हेन्यू पूर्व-पश्चिम. घर क्रमांकात मधे आडवी रेघ असते: ३५-२०, ७९वा स्ट्रीट असं लिहिलं असेल तर ते घर ७९व्या स्ट्रीटवर, ३५व्या ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यापासून पुढे. रेघेच्या आधीचा आकडा आडव्या रस्त्याचा, नंतरचा घराचा. त्यात एकाच क्रमांकाचे ॲव्हेन्यू, रोड आणि ड्राइव्ह शेजारी शेजारी असू शकतात, त्यामुळे पूर्ण पत्ता लिहून घ्या.

आम्ही एल्महर्स्ट, वुडसाइड, फ्लशिंग आणि जॅक्सन हाइट्स एवढे भाग पाहिले. एल्महर्स्टला भाडं त्या मानाने कमी वाटलं. फ्लशिंगला बाजार जोरात आहे, पण मॅनहॅटनला रोज जायचं तर लांब पडतं. जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्याच्या स्टेशनवर ७ नंबरबरोबर ई, एफ, एम आणि आर याही गाड्या थांबतात. ई किंवा एफ पकडली तर मिडटाउन, म्हणजे मॅनहॅटनचा मधला भाग, वीस-पंचवीस मिनिटांत. स्टेशनात लिफ्ट आहे, आणि आईच्या गुडघ्यांसाठी ती गोष्ट आमच्या लेखी फार मोठी ठरली. घर आम्ही तिथेच घेतलं. न्यूयॉर्कमध्ये लिफ्ट नसलेली स्टेशनं भरपूर आहेत. घर पक्कं करण्याआधी आपलं स्टेशन नकाशात तपासा.

या वस्तीचा इतिहास माहीत असावा असं मला वाटतं. १९१०च्या दशकापासून क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने इथे पाच-सहा मजली विटांच्या इमारती बांधल्या, आणि वाड्याच्या चौकासारखी मधली जागा मोकळी ठेवून तिथे बागा केल्या. त्या काळी इथे ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना घर मिळत नसे, कंपनीचंच तसं धोरण होतं. पुढे १९६५चा स्थलांतराचा कायदा आला, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून माणसं आली, आणि ज्या वस्तीच्या दारावर माणसं निवडली जात होती तिथेच आज जगभरच्या भाषा ऐकू येतात. १९९३ पासून याचा मोठा भाग शहराचा संरक्षित ऐतिहासिक परिसर आहे. जिन्यातून वर जाताना मला हे आठवतं आणि त्या घरात राहायला मिळतंय याचं मोल वाटतं.

आता पैशांचं. घरमालक साधारणपणे वार्षिक उत्पन्न भाड्याच्या चाळीसपट मागतात. भाडं २,४०० डॉलर असेल तर उत्पन्न ९६,००० डॉलर. भारतातून नवीन आलेल्यांकडे इथली क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्जफेडीची नोंद, नसते आणि अर्ज नेमका तिथे अडतो. नोकरीचं पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट, पासपोर्ट-व्हिसा आणि शक्य असेल तर भारतातल्या घरमालकाचं इंग्रजी पत्र अशी एक फाइल आधीच तयार ठेवा. तरीही नकार आला तर शुल्क घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत. मालक कोणती कंपनी मान्य करतो ते आधी विचारा.

कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच आहे, पण तो आपल्याला माहीत असला तरच उपयोगाचा. २०१९ पासून डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. माहिती तपासणीच्या नावाखाली मालक २० डॉलरपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आणि ११ जून २०२५ पासून मालकाने नेमलेल्या एजंटचं कमिशन भाडेकरूकडून घेता येत नाही. आम्हाला एका एजंटने तरीही कमिशनचा आकडा सांगितला होता. नियमाचा उल्लेख केल्यावर तो विषय तिथेच संपला. नम्रपणे विचारा, पण विचाराच.

जागा बघताना तीन प्रकार समोर येतील. पहिला म्हणजे को-ऑप, ज्यात एखादा मालक आपला फ्लॅट भाड्याने देतो. इथे सोसायटीच्या बोर्डाची परवानगी लागते आणि त्यात काही आठवडे जातात. दुसरा, रेंट स्टॅबिलाइज्ड घर: साधारणपणे १९७४ पूर्वीच्या, सहा किंवा जास्त घरांच्या इमारतींत अशी घरं असतात. त्यांची भाडेवाढ शहराचं मंडळ ठरवतं आणि करार नव्याने करून मागण्याचा हक्क भाडेकरूला असतो. असं घर मिळालं तर सोडू नका. तिसरा, दोन-तीन कुटुंबांच्या छोट्या घरातला मजला. या प्रकारात स्वस्त तळघराची जाहिरात दिसली तर मोह आवरा. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसात क्वीन्समधल्या तळघरांत पाणी शिरून माणसं बुडून गेली. त्यातली बरीच तळघरं राहण्यासाठी मंजूर नव्हती. इमारतीचं अधिकृत वापरपत्र शहराच्या बिल्डिंग खात्याच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरात पाऊल टाकल्यावर मी सगळ्यात आधी स्वयंपाकघर पाहते. जुन्या इमारतींत धूर बाहेर नेणारा पंखा बहुधा नसतो. खिडकी नसेल तर फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजणार, रोज. इथल्या कित्येक जुन्या फ्लॅटमध्ये मात्र स्वयंपाकघराला खिडकी असते आणि शेगडी गॅसची. भाकरी फुलवायची असेल तर याहून चांगलं काय! फक्त गॅस चालू आहे ना ते शेगडी पेटवून बघा. गळती सापडली तर अख्ख्या इमारतीचा गॅस कित्येक महिने बंद राहू शकतो. नळ सोडून गरम पाणी बघा, सिंकखाली झुरळांच्या खुणा बघा. दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत खिडक्यांना संरक्षक गज बसवून देणं मालकावर बंधनकारक आहे. ते लेखी मागा.

थंडीचा नियम पाठच करा. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली पारा गेला की घरात किमान ६८, म्हणजे २० सेल्सियस, ठेवणं मालकाचं काम आहे. रात्री किमान ६२. पहिल्या हिवाळ्यात आमचा रेडिएटर (घर तापवणारं यंत्र) थंड पडला तेव्हा आधी इमारतीच्या सुपरला, म्हणजे देखभाल करणाऱ्या माणसाला, सांगितलं, तरी हललं नाही म्हणून ३११ या शहराच्या मदत क्रमांकावर तक्रार केली. तिथे आपल्या भाषेतला दुभाषा मागता येतो.

आई आली ती मे महिन्यात. ३४व्या ॲव्हेन्यूचे सव्वीस चौक २०२० पासून दिवसा गाड्यांसाठी बंद ठेवले जातात, तिथे तिचं सकाळचं फिरणं सुरू झालं. आठवड्याभरात ती एकटी ७४व्या रस्त्यावर जाऊन मेथी, कढीपत्ता आणि ज्वारीचं पीठ आणायला लागली. भाजीवाले बंगाली काका तिच्याशी हिंदीत बोलतात. शेजारच्या इक्वेडोरच्या आजींशी तिची एकही भाषा जुळत नाही, पण डब्यांची देवाणघेवाण चालू आहे: इकडून थालीपीठ, तिकडून मक्याचे तामाले. एडिसनला तिला मराठीत गप्पा मारता आल्या असत्या, ही उणीव मी नाकारत नाही. त्यासाठी आम्ही सणांना तिकडे जातो.

एरवी तिचं देवदर्शन फ्लशिंगला होतं. बोन स्ट्रीटवरचं गणेश मंदिर १९७७ पासून आहे. ७ नंबरने शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं, तिथून बस. मंदिराच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाल्ल्याशिवाय निघू नका. गणेशोत्सवात रस्त्यावरून रथ निघतो. हा रस्ता ज्याच्या नावाचा आहे तो जॉन बोन १६६२ मध्ये घरी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची प्रार्थना भरवली म्हणून पकडला गेला होता, आणि त्याआधी १६५७ मध्ये फ्लशिंगच्या रहिवाशांनी क्वेकरांच्या छळाविरुद्ध गव्हर्नरला अर्ज केला होता. बोनचं घर अजून उभं आहे. दर्शन झालं की तिकडेही जा.

मुलं असतील तर घर घेण्याआधी शाळेचा झोन बघा. जॅक्सन हाइट्स बहुतेक ३० नंबरच्या शालेय जिल्ह्यात येतं, एल्महर्स्ट २४ मध्ये. २०२४ पासून शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी आहे. लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, पत्त्याचा पुरावा हातात आला की लगेच काढा.

मे ते ऑगस्ट घरं जास्त निघतात आणि भाडीही चढी असतात. जानेवारी-फेब्रुवारीत निवड कमी पण घासाघीस होते, शिवाय रेडिएटर खरंच तापतो का ते तेव्हाच कळतं. किल्ली मिळाल्याच्या दिवशी भिंती, फरशी आणि ओट्याचे तारखेसकट फोटो काढून मालकाला ईमेल करा. घर सोडल्यावर डिपॉझिटमधून काही कापायचं असेल तर १४ दिवसांत तपशीलवार हिशोब देणं त्याला भाग आहे, आणि तेव्हा हेच फोटो कामी येतात.