डीबी स्पेक्ट्रमला एसडी कार्ड जोडताना

डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकात भारतात परवान्याने विकलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस', म्हणजे कॅसेटवरून प्रोग्रॅम वाचणाऱ्या ब्रिटिश 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या घरगुती संगणकाची भारतीय आवृत्ती, माझ्याकडे आला, तेव्हा सोबतच्या बहुतेक कॅसेटींच्या फिती चिकटलेल्या होत्या आणि घरात चालू टेपरेकॉर्डर नव्हता. म्हणून एसडी कार्डावरून प्रोग्रॅम वाचून देणारा 'डिव्हएमएमसी' हा इंटरफेस, म्हणजे संगणकाला बाहेरून जोडायचा छोटा बोर्ड, सुट्या भागांपासून स्वतः जुळवायचे ठरवले. संगणकाच्या खोक्याला भोक पाडायचे नाही आणि मूळ बोर्डावरची एकही रेघ तोडायची नाही, एवढी अट मात्र घालून घेतली.

ही अट पाळता येते, याचे श्रेय १९८२ सालच्या मूळ रचनेचे आहे. स्पेक्ट्रमच्या मागे बोर्डाची कडाच उघडी ठेवलेली असून झेड८० प्रोसेसरच्या पत्त्यांच्या, डेटाच्या आणि नियंत्रणाच्या रेषा तिच्यावर आणून सोडल्या आहेत. त्यांतील 'रॉमसीएस' ही रेषा बाहेरून ५ व्होल्टवर धरली, की आतला १६ किलोबाइटचा रॉम (मूळ प्रणाली कायमची साठवलेली चिप) गप्प होतो आणि त्या पत्त्यांवर इंटरफेसची मेमरी दिसू लागते. रॉममधील कॅसेट वाचण्याच्या रूटीनमधील (ठरावीक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधील) ०५६२ या हेक्स पत्त्यावर प्रोसेसर पोचताच डिव्हएमएमसी आपली मेमरी पुढे करते, कार्डावरील टॅप फाइलचा (कॅसेटवरील प्रोग्रॅमची नक्कल असलेल्या फाइलचा) पुढचा भाग वाचून देते आणि पुन्हा बाजूला होते. प्रोग्रॅमच्या लेखी ते सारे कॅसेटवरूनच आलेले असते. मला तरी या साऱ्या खटाटोपातील सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

सोल्डरिंगपूर्वी वीजपुरवठा तपासणे आवश्यक होते. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्ट अडॅप्टरच्या प्लगमध्ये मधला संपर्क ऋण असतो, आणि बाजारात सर्रास मिळणारे अडॅप्टर नेमके याच्या उलट असतात. शिवाय मेमरीच्या खालच्या १६ किलोबाइटसाठीच्या ४११६ या चिपना ५ व्होल्टबरोबर १२ आणि उणे ५ व्होल्टही लागतात, त्यामुळे हे तिन्ही दाब मल्टिमीटरने मोजल्यावरच मी पुढे गेलो.

खरा वेळ खाल्ला तो इंटरफेस बोर्डाच्या कडेवर बसवणाऱ्या कनेक्टरने. कडेवर दोन्ही बाजूंना २८, असे ५६ संपर्क असतात आणि पाचव्या जागी खाच असते. तसा तयार कनेक्टर बुधवार पेठेत मिळाला नाही. जुन्या पीसीच्या कार्डांसाठीचा ६२ संपर्कांचा मिळाला, ज्यातील अंतर तेच, म्हणजे २.५४ मिलिमीटर होते. तो कापून, पाचव्या जागेच्या दोन्ही पिना उपटून तिथे प्लास्टिकची चकती चिकटवली. ती नसेल तर कनेक्टर एक घर सरकून बसू शकतो, आणि कडेवर ९ व्होल्टची रेषाही असल्यामुळे मग चिपा जळण्याचीच शक्यता अधिक. त्याच कारणाने यंत्र चालू असताना इंटरफेस कधीही घालू अथवा काढू नये.

इंटरफेसच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या, पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपमध्ये) कार्ड हाताळणारी ८ किलोबाइटची 'ईएसएक्सडॉस' प्रणाली भरावी लागते, आणि ती भरणारा प्रोग्रॅम कॅसेटच्याच मार्गाने आत जातो. त्याची ध्वनिफाइल मोबाइलवर वाजवून, आवाज पूर्ण ठेवून, यंत्राच्या 'इअर' सॉकेटमध्ये सोडली. नंतर इंटरफेसवरचा जंपर (दोन पिना जोडणारे छोटे टोपण) बदलून, एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले कार्ड बसवले. इंटरफेसवरचे बटण दाबले की प्रोसेसरला एनएमआय, म्हणजे चालू काम थांबवायला लावणारा, डावलता न येणारा संकेत मिळतो आणि पडद्यावर फाइलींची यादी येते. मूळ रॉममधील एनएमआयचे रूटीन एका उलट्या अटीमुळे निरुपयोगी राहिले होते, ती सोय अशी मागील दाराने मिळाली.

सगळेच खेळ टॅप फाइलवरून चालत नाहीत. ज्यांनी रॉममधील रूटीन टाळून कॅसेट वाचण्याची स्वतःची पद्धत लिहिली, ते ०५६२ या पत्त्याकडे फिरकतच नाहीत. अशा खेळांसाठी मेमरीची संपूर्ण नक्कल असलेल्या 'झेड८०' किंवा 'एसएनए' या प्रकारच्या फाइली कार्डावर ठेवाव्या लागतात.