वृद्धाश्रम बघायला गेलो की मी आधी टाच बघतो

आरोग्य खात्यात फिरतीची नोकरी झाली असल्यामुळे गावातली माणसं वृद्धाश्रम बघायला जाताना मला सोबत नेतात. मुलगा पुण्याला, वावर मक्त्यानं दिलेलं आणि घरी एकटी माय, अशी घरं आता आमच्या भागात बरीच झाली आहेत. आश्रमवाले आधी बाग दाखवतात, मग देऊळ, मग भजनाचा हॉल. मी अंथरुणाला खिळलेल्यांची खोली विचारतो आणि त्यांच्या परवानगीनं शेवटच्या खाटेवरच्या माणसाची टाच, जमलं तर माकडहाड बघतो. चालत्या-फिरत्या म्हाताऱ्यांना कुठलाही आश्रम बरा ठेवतो. खरी परीक्षा न उठणाऱ्याची.

पडून राहिलेल्याची कातडी जिथे हाड वर असतं तिथे आधी बिघडते: टाच, माकडहाड, खुब्याची बाजू, घोटा. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडलं आणि रंग क्षणभर फिका झाला नाही, तर जखमेची सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे हात लावून बघावं लागतं. आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं, किंवा जास्त काळपट दिसतं. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, पूर्ण कुशीवर वळवायचं नाही, पाठीला उशी देऊन थोडं कलतं ठेवायचं. पोटरीखाली उशी अशी द्यायची की टाच गादीला टेकणारच नाही. वर सरकवताना बगलेत हात घालून ओढलं की कातडी चादरीला चिकटून आतून फाटते, म्हणून दोघांनी खालच्या चादरीसकट उचलायचं. लाल जागेवर तेल चोळणं आणि मधे भोक असलेली रबरी गादी देणं, हे दोन्ही उपाय आपल्याकडे मायेनं करतात आणि दोन्हींनी नुकसान होतं. चोळण्यानं आधीच दुखावलेली कातडी आणखी तुटते, आणि रिंगच्या कडेनं रक्तपुरवठा दबतो.

हवेची गादी असली म्हणजे कूस बदलायची गरज नाही असं काही ठिकाणी सांगतात. ते चूक आहे. शिवाय लाईन गेली की पंप बंद. गादीखाली, माकडहाडाच्या जागी तळहात सरकवून बघा; हाड हाताला टेकलं तर हवा पुरेशी नाही. इन्व्हर्टरवर काय काय चालतं हेही विचारा. बहुतेक ठिकाणी ऑफिसचा पंखा आणि टीव्ही चालतो, पंप नाही.

कूस बदलल्याची वही मागा. सगळ्या नोंदी एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेल्या असतील तर ती वही तपासणीसाठी आहे. दुपारी बारा वाजता रात्री आठची सही आधीच झालेली मी पाहिली आहे.

दुसरा प्रश्न रात्रीचा. "रात्री कोन असते, भाऊ?" असं सरळ विचारायचं. दिवसा चार बाया असतात, रात्री कधी एकटा चौकीदार. माणूस पडतो तो बहुधा रात्री लघवीला उठताना, आणि ओल्या मोरीत. खाटेजवळ कमोडची खुर्ची, भिंतीला धरायचा दांडा, पायाशी मंद दिवा, मागून पट्टा असलेली चप्पल, एवढं असलं तरी धोका पुष्कळ कमी होतो. खाली जमिनीवर गाद्या टाकून झोपवत असतील तर पावसाळ्यात तिथे माणूस ठेवू नका. मण्यार रात्री घरात शिरते, झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं अनेकदा कळतही नाही. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच.

सकाळी अकराच्या सुमारास न सांगता जा. त्या वेळी निम्मे लोक गाढ झोपलेले दिसले तर रात्रीच्या गोळ्यांची चौकशी करा. माणसं कमी आणि म्हातारे जास्त असले की झोपेच्या गोळीचा मोह होतो. त्या गोळीनं तोल जातो, गोंधळ वाढतो, आणि खुबा मोडला की माणूस पुष्कळदा अंथरुणालाच लागतो.

आता उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्ध्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या खोल्या रात्रीही निवत नाहीत. म्हणून वरच्या मजल्यावरची खाट घेऊ नये. कूलर आहे म्हणून खिडक्या बंद केलेल्या असतील तर त्या खोलीत नुसता दमटपणा साठतो. समोरची खिडकी उघडी हवी. लोखंडी कूलरला अर्थिंग आहे का, पाणी भरताना प्लग काढतात का, हे स्वतः बघा, कारण कूलरचा शॉक आमच्याकडे दरवर्षी माणसं नेतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासली पाहिजे, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

म्हाताऱ्या माणसाला तहान नीट कळत नाही. "पाणी ठेवलंय, लागलं की पितात" हे उत्तर मला चालत नाही. घड्याळ लावून, थोडं थोडं, हातात पेला देऊन पाजलं पाहिजे. हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला किती पाणी द्यायचं ते डॉक्टरनं लिहून दिलेलं हवं. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळा लागताच त्यांचा डोस डॉक्टरला पुन्हा विचारावा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात घालायचं. अंदाजानं अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की मीठ जास्त होतं. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात धरायचा: अंग ओलं करून पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा गार पट्ट्या, आणि लगेच 108. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं की ते टाकून द्यायचं. उघडलेली साधारण चार आठवडे चालते, पण खोलीचं तापमान 30 अंशांच्या आत असेल तर. आमच्याकडे मे महिन्यात ते शक्य नाही, म्हणून लाईनचा भरवसा नसेल तिथे घट्ट झाकणाच्या डब्यात बाटली आणि तो डबा ओल्या माठात ठेवावा. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली आहे का बघा. अजून एक हिशेब करा: रात्रीचं जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला म्हणजे चौदा तास पोट रिकामं. साखरेच्या रुग्णाला हे धोक्याचं. साखर 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत असला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, मग खायला द्यायचं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर साखर काही तासांनी परत उतरू शकते, म्हणून त्या रात्री जागं राहणारं कोणी हवं.

औषधांत सगळ्यात मोठा घोळ दुहेरी गोळीचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची ॲम्लोडिपिन मिळते, खासगी डॉक्टरनं तेच औषध कंपनीच्या नावानं लिहिलेलं असतं, आणि आया दोन्ही देते. दाखल करताना सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून औषधाच्या मूळ नावानं एकच यादी करा, डॉक्टरची सही घ्या, जुन्या चिठ्ठ्या घरी परत न्या. गोळ्या पट्टीतून सोडवून डबीत भरून देऊ नका.

जेवणात ज्वारीची भाकरी असतेच. ती वरणात कुस्करून भिजवलेली आहे का, आणि भरवताना माणूस ताठ बसलेला आहे का, ते बघा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. लकवा झालेल्याला भात चालतो आणि पाण्यानं ठसका लागतो, असं दिसलं तर डॉक्टरला सांगा. तेच पाणी छातीत जाऊन न्यूमोनिया होतो. वजन दर महिन्याला हवं. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर कारण शोधलंच पाहिजे, आणि पुष्कळदा कारण एवढंच निघतं की कवळी बसत नाही.

कागदपत्रं फार नसतात: आधार, रेशन कार्ड, फोटो, डॉक्टरचं प्रमाणपत्र, हमीदार. पण करारात दोन गोष्टी शोधा. अनेक आश्रम "स्वतःचं स्वतः करणारे" एवढ्यांनाच घेतात. मग माणूस अंथरुणाला लागला की किती दिवसांत घरी न्यायचं आणि दवाखान्यात भरती केलं तर सोबत कोण थांबणार, हे लेखी घ्या. दुसरं, श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे 1500 रुपये ज्या खात्यात येतात त्याचं पासबुक कोणाकडे राहणार आणि हयातीचा दाखला कोण देणार. दाखल करायच्या दिवशी वजन करा, कातडीवरचे डाग-जखमा दोघांनी मिळून बघा, तारीख घालून दोन्हीकडच्या सह्या घ्या. नंतर "ही जखम घरूनच आली" हा वाद होत नाही.

लुगड्याची सवय असलेल्या आजीला पहिल्याच दिवशी गाऊन घालू नका. तिला कमी लांबीचं पातळ नेसू देणारा आश्रम मला जास्त भरवशाचा वाटतो.

तक्रार आधी व्यवस्थापकाला लेखी द्या, पोच घ्या, मग संस्थेच्या विश्वस्तांना, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मारहाण असेल तर थेट 112. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं उपविभागीय अधिकाऱ्याचं न्यायाधिकरण मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्यासाठी आहे, आश्रमाच्या जेवणाची तक्रार तिथे चालत नाही. लोक हेलपाटे मारून परत येतात. माणूस दुसरीकडे हलवायचं ठरलं तर औषधांची यादी, गेल्या सहा महिन्यांची वजनं आणि जखमेच्या नोंदींची प्रत सोबत घेतल्याशिवाय निघू नका, आणि डिपॉझिटची पावती तोवर त्यांना परत देऊ नका.