कळी क्रमांक 7

गरम हवेच्या बलूनच्या उत्सवात शनिवारी एकही बलून उडालं नाही.

पहाटे पावणेपाचला आम्ही मैदानावर होतो. अंधारात टॉर्चचे गोल इकडून तिकडे फिरत होते, ट्रेलरची मागची दारं उघडलेली, आणि बाबा घडीच्या खुर्चीवर कानाला मफलर गुंडाळून बसलेले. आमच्या पायलटताईंनी हेलियम भरलेला हातभर फुगा सोडला. त्याला बारीकसा दिवा बांधलेला असतो. क्रूमधले, म्हणजे पायलटला जमिनीवरून मदत करणारे आमच्यासारखे लोक, याला पायबॉल म्हणतात. वरचा वारा कसा आहे ते बघायला यापेक्षा साधं साधन नाही. तो दिवा थोडा वेळ सरळ वर गेला आणि मग कुणीतरी दोरीने ओढावा तसा आडवा पळत सुटला. ताई काही बोलल्या नाहीत. आजूबाजूचे सगळे पायलट माना वर करून तेच बघत होते. अर्धा तास थांबायचं ठरलं, दुसरा पायबॉल सोडला, तोही तसाच गेला. साडेसहाला ध्वनिक्षेपकावरून उड्डाणं रद्द झाल्याचं जाहीर झालं.

माझ्या शेजारी एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन उभे होते. "इथे तर पानही हलत नाहीये," ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं, खाली वारा नव्हताच. पण बलून उडवणं हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड असतं ते उतरणं. बलूनला ब्रेक नसतो. ज्या वेगाने वारा वाहतो त्याच वेगाने टोपली जमिनीला टेकते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्या धडकेतली ऊर्जा चौपट होते. वरचा वारा ऊन पडल्यावर खाली उतरायला लागतो. जमीन तापली की ठिकठिकाणी गरम हवेचे झोत उठतात, तेही बलूनला झेपत नाहीत. म्हणून तर ही सगळी धावपळ सूर्योदयाच्या आसपासच्या दोन-तीन तासांसाठी असते. मी त्या मुलांना हे सांगत बसले. मोठ्याला पटलं, धाकटा रडतच राहिला. त्याचं मला वाईट वाटलं, पण ताईंच्या निर्णयाबद्दल माझ्या मनात कणभरही शंका नव्हती. शेकडो लोक वाट बघत असताना "आज नाही" म्हणणाऱ्या पायलटच्याच टोपलीत मी माझ्या माणसांना बसवीन.

उड्डाण नाही म्हटल्यावर ताईंनी बलून जमिनीवर आडवं पसरलं, तोंडाशी मोठा पंखा लावला आणि नुसत्या थंड हवेने अर्धं फुगवलं. लोकांना आत जाता यावं म्हणून. चपला बाहेर काढायच्या आणि वाकून शिरायचं. आत शिरलेला प्रत्येक जण आधी गप्प होतो, कारण चारही बाजूंनी रंगीत उजेड अंगावर येतो आणि आवाज घुमतो. मुलं पळायला लागली. बाबा मात्र चार पावलं आत गेले आणि कापडाशीच थांबले.

बाबांनी पन्नास वर्षं शिवणकाम केलं. गेली तीन वर्षं मी या उत्सवात क्रूमध्ये आहे, यंदा पहिल्यांदाच त्यांना बरोबर आणलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, दोन तुकड्यांमधला जोड चिमटीत धरला आणि अंगठा त्यावरून हळूहळू फिरवत नेला. "दोन्ही कडा एकमेकींत दुमडल्यात," ते म्हणाले, "आणि वरून दोन टिपा. म्हणजे सुई चार पदरांतून गेलीय. जीनच्या पँटला आतून असते तशी शिवण." मग त्यांनी वरपासून खालपर्यंत गेलेल्या उभ्या पट्ट्या दाखवल्या. "वजन कापडावर नाहीये. ते या पट्ट्यांवर आहे. कापड फक्त हवा धरून ठेवतंय." मला हे तीन वर्षांत कुणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. बलूनचे जे उभे, मध्ये रुंद आणि दोन्हीकडे निमुळते होत गेलेले भाग असतात, त्यांना बाबा पहिल्या क्षणापासून कळ्या म्हणायला लागले, घेरदार झग्याच्या असतात तशा. आणि तोंडाजवळचा, आगीला दाद न देणाऱ्या नोमेक्स कापडाचा पट्टा म्हणजे झालर. दुपारपर्यंत आमची अख्खी क्रू कळ्या आणि झालरच म्हणत होती.

मी त्यांना माँगोल्फिए बंधूंची गोष्ट सांगितली. 4 जून 1783 ला फ्रान्समधल्या आनोने गावात त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर गरम हवेचा फुगा उडवला, तेव्हा त्याचे भाग शिवलेले नव्हते, सुमारे 1,800 बटणांनी एकमेकांना जोडलेले होते. बाबा एकदम गंभीर झाले. "बटणं? काजातून हवा नाही जाणार?" आतून कागदाचं अस्तर होतं, मी म्हटलं. त्या भावांच्या घरचा कागदाचाच कारखाना होता. "मग ठीक," असं म्हणून ते जरा वेळ विचार करत राहिले. सप्टेंबरमध्ये व्हर्सायला मेंढी, बदक आणि कोंबडा वर गेले, 21 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसं. हे सगळं मी उत्साहाने सांगत होते, पण त्यांचं मन बटणांवरच अडकलं होतं.

रविवारी पहाटे पायबॉल सरळ वर गेला, मग सावकाश तिरका झाला. ताईंनी मान डोलावली.

माझं काम माथ्याच्या दोराचं. बलूनच्या अगदी शेंड्याला एक लांब दोर बांधलेला असतो. पंख्याने फुगा भरत असताना तो दोर घेऊन टोपलीच्या बरोबर उलट दिशेला, दूर उभं राहायचं. फुगा पुरेसा भरला की ताई बर्नर पेटवतात. प्रोपेनची ज्योत तोंडातून आत जाते, आतली हवा हलकी होते आणि आडवा पडलेला अख्खा डोंगर उठायला लागतो. तो एकदम उठला तर पुढे झोकांडी खाईल, म्हणून दोर ताणून धरायचा आणि तो ओढेल तसतसं, पण सहजासहजी नाही, टोपलीकडे चालत यायचं. टाचा मातीत रुतवून. हातमोज्यांतूनही दोर करकरताना जाणवतो.

पहिल्या वर्षी मी पकड चांगली बसावी म्हणून दोर मनगटाला गुंडाळला होता. ताई बर्नर बंद करून माझ्याकडे धावत आल्या. "दोर कधीही गुंडाळायचा नाही. पाय जमिनीवरून उचलले जातायत असं वाटलं, त्याच क्षणी सोडायचा. बलून गेलं तरी चालेल." त्या ओरडल्या होत्या, आणि ओरडायलाच हवं होतं. आता नवीन क्रूला मी हेच पहिलं वाक्य सांगते, सगळ्यात आधी.

आमचं बलून साधारण 2,200 घनमीटरचं. तेवढ्या जागेतल्या साध्या हवेचं वजन अडीच टनांहून जास्त भरतं. हवा कुणाच्या खिजगणतीत नसते, पण आहे ते हे असं. ती शंभर अंशांच्या आसपास तापवली की त्यातली साडेपाचशे किलोच्या आसपास हवा बाहेर पडते, आणि त्या कमी झालेल्या वजनावर कापड, वेताची टोपली, सिलिंडर आणि माणसं तरंगतात. टोपली अजूनही वेताचीच विणतात, कारण उतरताना बसणारा हिसका वेत लवून पचवतो. कापड जास्त तापलं तर कळावं म्हणून माथ्याशी डाखाने धरलेली एक फीत असते. डाख वितळला की फीत सुटून खाली टोपलीत येते. पायलटला मान वर करूनही बघावं लागत नाही. असल्या साध्या युक्त्यांवर माझा फार जीव आहे. नायलॉनचं कापड आणि प्रोपेनचा बर्नर ही आजची पद्धत एड योस्ट यांनी 22 ऑक्टोबर 1960 ला अमेरिकेत नेब्रास्का राज्यात उडून दाखवली. त्यानंतर बारा वर्षांनी, 1972 मध्ये, अमेरिकेतल्याच अल्बुकर्की शहरात 13 बलूनचा मेळावा भरला. आज तोच जगातला सगळ्यात मोठा बलून महोत्सव आहे. तिथे खालचा वारा एका दिशेला आणि वरचा उलट दिशेला असा योग पुष्कळदा जुळून येतो, त्यामुळे उंची बदलत बदलत पायलट निघाल्या जागेजवळ परतू शकतात. आमच्या नशिबी तसा वारा नाही. जाईल तिकडे जायचं, आणि आम्ही गाडी घेऊन मागे.

पाठलागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेडिओवर ताईंचा आवाज, एक चुकलेलं वळण, आणि शेवटी पीक निघालेलं एक शेत. शेताच्या मालकांची परवानगी घेतल्याशिवाय गाडी बांधावरून आत घालायची नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. ते स्वतःच चालत आले आणि पुढे घडी घालायलाही लागले.

घडी घालणं म्हणजे तोंडाकडून माथ्याकडे हवा दाबत काढायची आणि कापडाची लांब गुंडाळी हातोहात पिशवीत भरायची. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांना पिशवीजवळ खुर्ची दिली. कापड त्यांच्या मांडीवरून सरकत पिशवीत जात होतं.

"थांबा," ते म्हणाले.

सगळे थांबले. त्यांनी एक जोड दोन्ही हातांत ताणून धरला होता. दोन टिपांपैकी बाहेरची वीतभर उसवली होती, दुसरी शाबूत होती. मी तिथून शंभरदा हात फिरवला असता तरी मला दिसलं नसतं.

ताई गुडघ्यावर बसल्या. "काका, कळीचा नंबर बघा. खाली काठाला छापलेला असतो."

"सात."

"आणि झालरीपासून कितवा तुकडा?"

बाबांनी मोजलं. "चौथा. मी आत्ता शिवून देऊ शकतो, पण..."

"नाही काका. याला परवाना असलेलेच लोक हात लावतात."

"बरोबर आहे," बाबा लगेच म्हणाले. "तसंच हवं."

ताईंनी लॉगबुक काढून तिथेच नोंद केली: कळी 7, तुकडा 4, बाहेरची टीप उसवलेली. तपासणी होईपर्यंत हे बलून फुगवायचं नाही. म्हणजे संध्याकाळी अंधार पडल्यावर सगळी बलून जमिनीला बांधून एका तालात उजळवतात, त्यात आमचं नसणार. बाबा परतीच्या वाटेवर फारसं बोलले नाहीत.

संध्याकाळी आम्ही नुसती टोपली आणि बर्नर घेऊन रांगेत उभे राहिलो. वर कापड नाही. आकडे उलटे मोजले गेले, दोन्ही बाजूंची बलून आतून पेटल्यासारखी झाली, आणि आमच्या टोपलीतून उघडी ज्योत दोन मजले वर गेली. अंगाला धग लागली. शनिवारी रडणारा तो धाकटा मुलगा दोरीच्या पलीकडे अगदी पुढे उभा होता आणि दर वेळी ज्योत उठली की दोन्ही हात वर करत होता.

बाबा माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, घरी जाऊ या म्हणतील.

"ती टीप," ते म्हणाले, "ते लोक कुठल्या दोऱ्याने घालतील, विचारशील?"