वाक्यातला कर्ता

रात्रीचे साडेदहा.

दुपारी टीमची बैठक संपत आली होती. मी नेहमीसारखं म्हणाले, "ठीक आहे, मग आपण ते अहवालाचं बघून घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या, वह्या मिटल्या. सगळ्यात नवा मुलगा, रुजू होऊन त्याला जेमतेम दोन महिने झालेत, खुर्चीतून न उठता म्हणाला, "मॅडम, आपण म्हणजे कोणी?"

आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. आणि मला उत्तर देता आलं नाही. "बोलू नंतर" म्हणून मी वेळ मारून नेली. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

गेल्याच आठवड्यात या अहवालाच्या पहिल्या भागावर दोघांनी तीन दिवस एकच काम केलं आणि दुसऱ्या भागाला कोणी हातच लावला नाही. तेव्हा मी चिडले होते. "एकमेकांशी बोलत का नाही तुम्ही?" असंही म्हणाले. आज घरी आल्यावर मोबाइलवर मागे जाऊन मूळ निरोप शोधला. मीच पाठवलेला होता. "पहिल्या दोन भागांचं काम लवकर व्हायला हवं. आकडे तपासून घ्यावेत." दोन वाक्यं, आणि दोन्हींत माणूस नाही. आकडे तपासून घ्यावेत कोणी? लवकर म्हणजे कधी? हे वाचून ते दोघं एकाच कामाला लागले यात त्यांचं काय चुकलं?

कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग शाळेत मार्कांपुरते शिकले आणि विसरले. आज ते पुन्हा आठवले. माणसाला वाक्यातून अलगद बाहेर काढायची मराठीत फार सोय आहे. काम राहून गेलं. उशीर झाला. गैरसमज झाला. असं ठरलं होतं. व्याकरणाने पाहिलं तर कर्ता यातही आहे, काम राहतं आणि उशीर होतो. पण ज्याने काम राहू दिलं तो कुठेच दिसत नाही. नात्यांत मला ही रचना आवडते. "पेला फुटला" म्हणण्यात जी माया आहे ती "तू पेला फोडलास" यात नाही. अडचण अशी की बोलता बोलता मी विचारही त्याच वाक्यांत करायला लागले होते, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणून जेवण झाल्यावर वही घेऊन बसले. वर एक वाक्य लिहिलं: "अहवालाचं काम वेळेत झालं नाही."

ते खोडलं. "आम्ही काम वेळेत केलं नाही." हे थोडं बरं, पण "आम्ही" म्हटलं की दोष सगळ्यांत वाटला जातो आणि कोणाच्याच वाट्याला फारसा येत नाही.

तेही खोडलं. "कोणी काय करायचं ते मी सांगितलं नाही." इथे थांबावंसं वाटलं. कबुली दिली, झालं. पण पेन हातातच होतं. का सांगितलं नाही? विसरले का? नाही. निरोप लिहिताना मी चांगली दहा मिनिटं फोन हातात धरून बसले होते.

चौथं वाक्य लिहायला बराच वेळ लागला. "पहिला भाग दोघांनाही हवा होता, दुसरा कोणालाच नको होता. एकाला नाराज करावं लागलं असतं, म्हणून मी नावं लिहिली नाहीत."

हे वाक्य मला आधी माहीत नव्हतं. ते माझ्याच आत होतं, पण कागदावर येईपर्यंत मला दिसलं नव्हतं. इतके दिवस मी याला सगळ्यांना मोकळीक देणं म्हणत होते, टीमवर विश्वास टाकणं म्हणत होते. तो विश्वास नव्हता, वाईटपणा घ्यायची भीती होती. माझं बोलणं धूसर होतं कारण आतला निर्णयच झालेला नव्हता. (बघा, परत लिहिलं. मी निर्णय घेतलेला नव्हता.)

यावरून दुसऱ्या महायुद्धातले दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांची एक चिठ्ठी आठवली. 5 जून 1944, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या स्वारीच्या आदल्या दिवशी, मोहीम फसली तर काय जाहीर करायचं ते त्यांनी पेन्सिलीने आधीच लिहून ठेवलं होतं. ताणाखाली तारीखही चुकली, जूनऐवजी जुलै पडलं. त्या कागदावरची खाडाखोड मला फार मोलाची वाटते. आधी लिहिलं होतं की सैन्य मागे घेण्यात आलं आहे. ते खोडून त्यांनी केलं, मी सैन्य मागे घेतलं आहे. पुढे जिथे "ही मोहीम" असं येत होतं तिथे हल्ल्याचा "माझा निर्णय" आला. आणि दोष असेल तर तो एकट्या माझा, या शब्दांखाली रेघ मारली. मोहीम यशस्वी झाली, चिठ्ठीची गरज पडली नाही. पण लाखाहून जास्त माणसं समुद्रापार पाठवायच्या वेळी हा माणूस वाक्यातला कर्ता दुरुस्त करत होता, हे मला आज वेगळ्याच रीतीने कळलं. दोष अंगावर घेणं हा मनाचा मोठेपणा झालाच. पण निर्णय कोणाचा आहे हे त्यांच्या मनात आधी स्वच्छ असल्याशिवाय ती खाडाखोड झाली नसती.

डार्विनचीही एक सवय मला तितकीच आवडते. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट नजरेस पडली की तो ती लगेच टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात असा त्याचा अनुभव होता. आजचा प्रश्न मी तसाच टिपून ठेवलाय. उद्यापर्यंत मन त्याला गुळगुळीत करून टाकेल, "नवीन आहे, शिकेल" वगैरे म्हणेल. मला माझं मन चांगलं माहीत आहे.

आणि तो नवा आहे म्हणूनच विचारू शकला. बाकीच्यांना माझ्या "बघून घेऊ"ची सवय झालीय. त्याचा अर्थ काय लावायचा याचे आडाखे त्यांनी मनात बांधून ठेवलेत, प्रत्येकाचे वेगळे. वर्षानुवर्षं माझी चांगली माणसं आपली हुशारी मला काय म्हणायचंय ते ओळखण्यात खर्च करत आली. ती कामात लागायला हवी होती. याचं मला मनापासून वाईट वाटतंय.

स्पष्ट बोलणं म्हणजे कडक बोलणं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पहिल्या नोकरीतले साहेब तसे होते, आवाज चढवायचे आणि त्यालाच स्पष्टपणा म्हणायचे. त्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून मी मऊ बोलत गेले. पण त्यांचं बोलणं आज आठवून पाहिलं तर "हे असं कसं झालं?" एवढंच असायचं. म्हणजे माणूस त्यांच्याही वाक्यात नव्हता.

दुसऱ्या भागाचं काम नको असणाऱ्याशी उद्या आधी एकटीने बोलायचं. सगळ्यांसमोर नाही. त्याला राग येईल, येऊ दे. त्याने काही वेगळं कारण सांगितलं तर ऐकायचं आणि ते खरं असेल तर नाव बदलायचं. मग सगळ्यांना निरोप. तो आत्ताच लिहून ठेवलाय, नावांच्या जागी नावं आणि "लवकर"च्या जागी गुरुवार दुपारी चार. शेवटी एक ओळ घातली: "मागच्या वेळी कोणी काय करायचं ते मी ठरवलं नाही, म्हणून तुमचे तीन दिवस वाया गेले."

"वाया गेले" खोडून "मी वाया घालवले" केलंय.