ज्याचं टेबल, त्याचं झाड

आमचं ऑफिस पुण्यात बाणेरला, दोन मजल्यांचं. ॲडमिनचं काम माझ्याकडे, म्हणून कुंड्याही माझ्याकडेच. इतकी वर्षं त्या भाड्याच्या होत्या. ठेकेदाराचा टेम्पो यायचा, मलूल झालेले अरेका पाम उचलायचा आणि तसेच दुसरे ठेवून जायचा. त्या झाडांना कुणी वालीच नव्हता. उरलेला चहा त्यांच्यात ओतला जायचा, बिस्किटांची वेष्टनं खोचली जायची. मला ते बघवत नसे. यंदा करार संपत आला तेव्हा मी साहेबांना म्हटलं, हेच पैसे मला द्या, आपण झाडं विकत घेऊ आणि कुठलं घ्यायचं ते ज्याचं त्याला ठरवू दे.

"हवा शुद्ध होते असं लिहा, लगेच सही होईल," असं अकाउंट्समधून सुचवलं गेलं. मी ते लिहिलं नाही. नासाच्या १९८९ च्या ज्या अभ्यासाचा सगळे दाखला देतात, तो लहानशा बंद पेट्यांमध्ये केलेला होता. इमारतीत बाहेरची हवा येत-जात असते. तिच्यामुळे जेवढी शुद्धी आपोआप होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची, तर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं २०१९ मधल्या एका आढाव्यात निघालं. एवढी झाडं लावली तर माणसं बसणार कुठे?

मी वेगळा अभ्यास जोडला. एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात कामाच्या जागेचे चार प्रकार होते: एक अगदी बोडकी, दुसरी झाडं-चित्रं आधीच मांडून ठेवलेली, तिसरीत ती माणसाने स्वतः मांडायची, आणि चौथीत त्याने मांडल्यावर संशोधकाने येऊन ती बदलायची. तिसऱ्या जागेतल्या माणसांचं काम सगळ्यांत चांगलं झालं. चौथ्यांचा तो फायदा पार गेला. साहेबांनी हा परिच्छेद दोनदा वाचला आणि सही केली.

निवड खरी हवी असेल तर आधी उजेड मोजायला हवा. नाहीतर माणूस हौसेने झाड निवडतो आणि ते महिन्याभरात माना टाकतं. मी फोनवरचं लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजणारं ॲप घेऊन दुपारी टेबलाटेबलाने फिरले. खिडकीपाशी आकडा हजाराच्या वर होता, आतल्या रांगांत दीडशेच्याही खाली. डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही, झाडाला मात्र जाणवतो. मग प्रत्येक टेबलावर ठिपका चिकटवला, भरपूर उजेडाला हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, कमी असेल तर लाल, आणि रंगानुसार याद्या केल्या. लाल ठिपक्याला झेडझेड, स्नेक प्लांट, ॲग्लोनेमा. पिवळ्याला मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. हिरव्याला रबर प्लांट, जेड, निवडुंग. प्रत्येक यादीत शेवटी 'नको' असंही लिहिलं होतं. काहींनी तेच निवडलं आणि त्यांना कुणी कारण विचारलं नाही.

बिल्डिंगवाल्यांची अट एकच होती, पाणी साचता कामा नये. आणि ती रास्त होती. पावसाळ्यात डेंग्यूच्या डासांची पैदास सापडली की महापालिका नोटीस देते. एडिस डासाला कुंडीखालच्या बशीतलं बोटभर पाणीही पुरतं, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून शुक्रवार हा बशा रिकाम्या करण्याचा दिवस ठरला. नुसतं ओतून भागत नाही, बशी घासावी लागते, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात.

झाडं आणायला आम्ही काहीजण सोलापूर रस्त्यावर, हडपसरच्या पुढच्या नर्सऱ्यांत गेलो. एका नर्सरीतल्या दादांनी झेडझेडची कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढलं. मुळांत बटाट्यासारखे गड्डे होते. "बघा ताई, हा पाणी इथं साठवतो. वरून माया करायला जाल तर कुजंल." आमच्या टेस्टिंगमधल्या मुलाने तिथल्या तिथे तेच झाड उचललं. तो आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसात येतो.

वादही झाले. एकीला निवडुंग हवा होता, शेजारणीचं म्हणणं, काटेरी झाड समोर नको, वास्तूला बरं नाही. मी मध्ये पडले नाही. दोघींनीच पार्टिशनच्या पलीकडची खिडकी ठरवली. अकाउंट्सच्या काकांना तुळसच हवी होती. तिला रोज काही तास थेट ऊन लागतं, आणि त्यांचा ठिपका लाल. शेवटी पँट्रीबाहेरच्या बाल्कनीत तिची सोय केली. आता काका सकाळी आधी तिकडे जातात.

एचआरने दिलेल्या यादीत हाउसकीपिंगच्या मावशींचं नाव नव्हतं, कारण त्यांना टेबल नाही. पण ऑफिसात सगळ्यांत जास्त वेळ त्याच असतात. पँट्रीचा ओटा त्यांच्या नावावर लिहिला आणि मावशींनी पीस लिली निवडली. "ही बोलते. तहान लागली की मान टाकते, पाणी दिलं की उठून बसते," म्हणाल्या. पानांखालचा पांढरा कापूस, म्हणजे मिलीबग, आधी ओळखला तोही त्यांनीच. ते झाड लगेच बाजूला काढलं, पानं पुसून त्यावर निंबोळी तेल फवारलं, म्हणून बाकीची वाचली.

सगळं जागेवर बसतंय तोच वरून निरोप आला: कुंड्या एकसारख्या पांढऱ्या हव्यात, एका रांगेत, म्हणजे फोटो चांगले येतील. तोवर लोकांनी घरून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणल्या होत्या, स्टीलचे डबे आणले होते. नर्सरीची भोकं असलेली प्लॅस्टिकची कुंडी आत तशीच ठेवलेली होती. मी तोच कागद घेऊन पुन्हा केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, आपण आता चौथ्या प्रकारात शिरतोय. बरीच बोलाचाली झाली. रिसेप्शन त्यांच्या मनासारखं झालं, टेबलांना कुणी हात लावला नाही. एवढ्यावर मी अडून बसले होते, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन.

काही झाडं गेली. ज्याचं जाईल त्याने नवं निवडायचं, खुलासा मागायचा नाही, हा नियम लेखी आहे. वरच्या मजल्याचे ठिपके लावून झालेत. त्यांची यादी या वेळी मी स्वतः केली, तिच्यात मावशी आहेत आणि गेटवरचे सिक्युरिटीचे काकाही.