सिगारेट सुटली, पण पाळत ठेवून नव्हे

घरच्यांनी मला सिगारेट सोडायला मदत केली नाही असं कोण म्हणेल? कामावरून आलो की बायको आधी शर्टाचा खिसा बघायची. माझा खोकला ऐकून आई आतूनच विचारायची, "आज किती झाल्या?" दोघींच्या पोटात काळजीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण झालं एवढंच, की मी बडीशेप आणि पेपरमिंट खिशात बाळगायला लागलो आणि थापा मारण्यात तरबेज झालो. सिगारेट काही कमी झाली नाही.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. फिरती पाळी. दिवसाला पाकीटभर सहज जायच्या, पण पाकीट क्वचितच घ्यायचो. सगळा कारभार सुट्ट्या सिगारेटींचा. २०२० मध्ये राज्य सरकारनं सुट्टी सिगारेट विकायला बंदी घातली, तरी आमच्या भागातल्या टपऱ्यांवरची धुमसती सुतळी लटकायची ती लटकतच राहिली. आता यात एक गंमत आहे. २०१८ पासून पाकिटावर व्यसन सोडण्यासाठीचा टोल-फ्री नंबर छापतात, १८००-११-२३५६. सुट्टी घेणाऱ्याला तो दिसणार कुठून? रात्रपाळीला टपरी बंद असते म्हणून एकदा अख्खं पाकीट घेतलं, आणि पहाटे मशीन बंद पडलेलं असताना ते उलटसुलट करता करता नंबर वाचला.

फोन लावताना वाटलं, आता कीर्तन ऐकावं लागणार. तिकडून एक ताई मराठीत बोलायला लागल्या. ही सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही केंद्र झालं, म्हणून मराठीत बोलायची सोय. ताईंनी कॅन्सरचं नावसुद्धा काढलं नाही. विचारलं काय, तर सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं ओढता? अर्ध्या तासाच्या आत, चहाबरोबर. यावरून व्यसन किती मुरलंय त्याचा अंदाज येतो म्हणे. मग विचारलं, दिवसातली कुठली सिगारेट चुकवता येत नाही? असा हिशोब मी कधी केलाच नव्हता. मांडून बघितला तर निम्म्याहून जास्त सिगारेटी नुसत्या 'चल रे' म्हणून कुणी उठलं की ओढलेल्या. खरी तलफ तीनदाच: सकाळचा चहा, रात्रीचं जेवण झाल्यावर, आणि रात्रपाळीत तीनच्या सुमाराला.

त्यांनी सोडायची तारीख ठरवायला लावली. मी म्हटलं, एक तारीख घेऊ. त्या म्हणाल्या, "त्या आठवड्यात पाळी कुठली आहे?" रात्रपाळी होती. मग पहिल्या पाळीचा आठवडा निवडला. माझे आधीचे सगळे संकल्प पाडव्याचे नाहीतर एक जानेवारीचे. पाळी कुठली चालू आहे हे त्या कॅलेंडरला काय ठाऊक!

ओळखीच्या डॉक्टरांना विचारून निकोटीनचं गम घेतलं. ते दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये मिळतं, मला कुठलं लागेल ते त्यांनीच ठरवलं. नुसत्या च्युइंग गमसारखं भराभर चघळलं की उचकी लागते, मळमळतं. दोन-चारदा चावायचं, तोंडात चुरचुरायला लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. त्याच्या आधी पाव तास चहा नाही, कारण चहाच्या आंबटपणानं तोंडातून निकोटीन नीट शोषलं जात नाही.

हे बघून लाइनवरचा आमचा एक मित्र तळहातावर तंबाखू मळत म्हणाला, "एवढे पैसे कशाला घालवतोस? चिमूटभर ही धर की गालात." मनापासून म्हणाला तो! २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू-मशेरीसारखं धूर नसलेलं काही घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे सिगारेट सोडणाऱ्याला पाठिंबा द्यायला येणाऱ्याच्या हातात बऱ्याचदा चुन्याची डबी असते.

टपरीवाल्या मामांचं मात्र नवल वाटतं. मला लांबून बघितलं की त्यांचा हात आपोआप माझ्या ब्रँडकडे जायचा, मी तोंड उघडायच्या आधी. ताईंनी सांगितलं होतं म्हणून मामांना जाऊन स्पष्ट सांगितलं. त्यांनी उधारीची वही काढली, माझी बाकी घेतली, पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "साहेब, पंधरा दिवस इकडं फिरकूच नका. चहा आत कॅन्टीनला घ्या." स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा हा माणूस मला एकदाही 'सोडलीत का' म्हणाला नाही.

पहिले तीन दिवस फार वाईट. तलफ काही मिनिटांत ओसरते हे खरं, पण त्या मिनिटांत घरातला प्रत्येक माणूस मूर्ख वाटतो. ताईंचा ठरल्याप्रमाणे फोन आला तेव्हा मी घरच्यांवरच घसरलो. त्यांनी सुचवलं, घरच्यांना काहीतरी काम द्या, चौकशीचं सोडून. मग बायकोला म्हटलं, तू वास घेऊ नकोस, विचारू नकोस, फक्त जेवणानंतर माझ्याबरोबर शतपावलीला चल. ती सिगारेट मी त्याच वेळी कोपऱ्यावर जाऊन ओढायचो. ती यायला लागली. मालिका बुडते म्हणून कुरकुर करत, पण आली. दुसरं माणूस बरोबर असलं की तो कोपरा नुसताच कोपरा असतो.

दोन गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. एक, छाती साफ व्हायला लागली की सुरुवातीला खोकला आणि कफ वाढू शकतो. आईला वाटलं मी सोडून आजारी पडलो. दुसरी चहाची. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर निकाली काढत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ रेंगाळतो. छातीत धडधड, झोप नाही, आणि मी सगळं तलफेच्या नावावर खपवत होतो. चहा निम्म्यावर आणला तेव्हा कुठे झोप लागली.

रात्रपाळीचा पहिला आठवडा गम, फुटाणे आणि मोबाइलवर कुणाशी तरी वाद घालणं यावर काढला. वजन वाढलं, पँटी शिंप्याकडे गेल्या. गम हळूहळू कमी करत बंद झालं. टपरीवर आता जातो, मामा बिस्किटाचा पुडा पुढे करतात.

तंबाखू मळणाऱ्या मित्रानं परवा विचारलं, "तो नंबर फक्त सिगारेटवाल्यांसाठी असतो का?" नाही, तंबाखूवाल्यांनाही चालतो. त्याच्या मोबाइलमध्ये घालून दिलाय. फोन केलास का, हे मी त्याला विचारणार नाही. तारीख ठरवायची झाली तर पाळ्यांचा तक्ता आपल्याच टेबलावर असतो, एवढं सांगून ठेवलंय.